बिल्टी नंबर नसलेली कंप्लेंट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे आधीच सांगते, कापायचं तिथं कापा, पण शेवटचा भाग तेवढा ठेवा. गेले तीन महिने मी एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या मागे लागलेय. त्यांच्या ड्रायव्हरबद्दल कंप्लेंट केली होती. आता ड्रायव्हरवरचा राग बऱ्यापैकी गेलाय आणि कंपनीवरचा दहापट झालाय, ते कसं झालं तेच सांगायचंय.

१९ जानेवारी २०२५, रविवार. संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते. मी आईला वाईहून चिंचवडला घेऊन येत होते, कारण माझ्याकडे हळदीकुंकू होतं आणि आई आल्याशिवाय माझ्या घरात हळदीकुंकू होत नाही, असं तिचंच म्हणणं आहे. मागच्या सीटवर आई, मांडीवर तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, शेजारी माझी नववीतली लेक कानात हेडफोन घालून. सुरूर फाट्याला हायवेला लागलो, खंबाटकीचा बोगदा पार केला. ज्यांचा हा रोजचा रस्ता आहे त्यांना सांगायला नको, साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आणि तो एस कॉर्नर. २०१८ च्या एप्रिलमध्ये विजापूरकडच्या मजुरांना घेऊन निघालेला टेम्पो तिथंच उलटला होता, सतरा-अठरा माणसं गेली होती. तेव्हापासून आई बोगदा आला की हात जोडते आणि खंडाळा आलं की सोडते. (सातारा जिल्ह्यातलं खंडाळा, लोणावळ्याचं नाही.)

मी डाव्या लेनमध्ये, चाळीस-पंचेचाळीसला. घाईत नव्हते, संध्याकाळचे साडेपाच झाले होते, ऊन तोंडावर नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. मागून एक बत्तीस फुटी कंटेनर आला, वळणावरच माझ्या उजवीकडून पुढे काढला आणि अर्धा पुढे गेला नसेल तेवढ्यात डावीकडे दाबायला लागला. मी हॉर्नवर हात ठेवून बसले. काही उपयोग नाही. त्याच्या मागच्या चाकांचे नट माझ्या खिडकीच्या इतक्या जवळ आले की त्यांच्यावरचा गंज दिसत होता मला, एका नटाला कुणीतरी पिवळा रंग फासलेला होता, तो नट अजून डोळ्यासमोर येतो. खाडकन आवाज झाला, आरसा मोडून वायरवर लोंबायला लागला, मी स्टेअरिंग डावीकडे घेतलं, गाडी डांबर सोडून खडीवर गेली आणि थांबली. डबा उघडून लाडू सगळ्या गाडीत. आई काही बोलली नाही, खाली वाकून एकेक लाडू वेचायला लागली, तिचे हात इतके थरथरत होते की वेचलेला परत पडायचा. लेक म्हणाली आजी राहू दे ना, तरी ती वेचतच होती.

कंटेनर थांबला नाही. त्याला कळलं तरी की नाही कोण जाणे.

पाच-दहा मिनिटांनी आम्ही निघालो. पुढे खंडाळ्याच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं होतं आणि तोच कंटेनर रांगेत. मी उजवीकडून त्याच्या बाजूने गेले तेव्हा लेकीने मोबाईल काढला आणि व्हिडिओ घेतला. ड्रायव्हरच्या कानाला फोन, तोंडाने जोरजोरात बोलणं चालू. केबिनवर कंपनीचं नाव मोठ्ठं, बाजूच्या पत्र्यावर लोगो, आणि मागे ते पिवळं स्टीकर, की गाडी बेफिकीर चालवली जात असेल तर या नंबरवर कळवा. गाडीच्या नंबरासकट सगळं व्हिडिओत आलंय, सत्तावीस सेकंदांचा आहे.

म्हणलं, चला, नंबर दिलाय म्हणजे कुणीतरी ऐकणारं असेल. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्या माणसाने पहिला प्रश्न केला, "बिल्टी नंबर सांगा." बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टकडे माल दिल्याची पावती. मी म्हणलं, माझा माल नाहीये तुमच्या गाडीत, तुमच्या गाडीने मला कट मारलाय. मग कुणाला लागलंय का, नाही. गाडीला किती डॅमेज, आरसा. "मग मॅडम, आरशाचं काय एवढं. गाडी कोण चालवत होतं?" मी चालवत होते. थोडं थांबून म्हणाला, "साहेब आहेत का शेजारी? जरा त्यांना द्या ना फोन."

साहेब घरी वरणाला फोडणी देत होते. एकोणीस वर्षं गाडी चालवतेय मी, आमच्या घरात ड्रायव्हर मीच आहे. पण ते त्याला कशाला सांगा.

घरी येऊन त्यांच्या साईटवरचा तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात बिल्टी नंबरचा रकाना, लाल फुलीचा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. शून्य शून्य टाकून बघितलं, घेत नाही. आता रस्त्यावर ज्याला गाडीने उडवलं त्याच्याकडे बिल्टी कुठून असणार? बिल्टी माल पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे असते. म्हणजे हा फॉर्म बनवताना, तक्रार करणारा माणूस मालवालाच असणार, दुसरा कोण असू शकतो, असंच कुणाच्यातरी डोक्यात होतं. मला तेव्हा नुसता वैताग आला होता, नंतर कळलं की सगळी गोम त्या एका रकान्यातच आहे.

मी भोसरीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. बिल्टी, पीओडी (माल पोचल्याची सही), डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) हे माझं रोजचं आहे. दीड वर्षापूर्वी एका ट्रान्सपोर्टकडून आमचा बेअरिंगचा एक बॉक्स कमी आला होता, एक, चाळीस बॉक्समधला एक. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांचा माणूस गेटवर हजर, सोबत सुपरवायझर, दुपारी ब्रँच मॅनेजरचा फोन, संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा की बॉक्स कुठल्या हबला उतरला, कुणी उतरवला, किती वाजता. एका बॉक्ससाठी. आणि कंपन्या झाडून सगळ्या सारख्याच, हीसुद्धा तशीच असणार, मालाचं काही झालं तर पळत येणार. माझी आई बॉक्स नव्हती, एवढाच काय तो फरक.

मेल केला. व्हिडिओ जोडला, जागा, वेळ, सगळं. लगेच आपोआप उत्तर, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, तुमचा टिकीट नंबर अमुक. पाच दिवसांनी मेसेज, टिकीट क्लोज झालंय, समाधान झालं असेलच. कशाने झालं? कुणी फोन नाही, मेल नाही, काही नाही. मी परत उघडलं. परत चार दिवसांनी क्लोज. हा खेळ तीनदा झाला. मधे एकदा एका मुलाचा फोन आला, बोलायला गोड होता बिचारा, म्हणाला मॅडम आरशाचे पाचशे जीपे करतो, विषय संपवून टाकू. आरसा सत्तावीसशेला बसला, आणि क्लेम करून नो क्लेम बोनस घालवण्यापेक्षा मी तो आधीच खिशातून भरला होता. मी म्हणलं पैसे नकोत मला, तुम्ही काय चौकशी केलीत ते सांगा. तो म्हणाला, "चौकशी म्हणजे?"

हे सगळं जानेवारीत चाललंय हं, आणि जानेवारी म्हणजे रस्ता सुरक्षा महिना. कंपनीच्या पेजवर त्याच आठवड्यात फोटो, ड्रायव्हरांना गुलाबाची फुलं, डोळे तपासणीचं शिबिर, मागे बॅनर. मी खाली कमेंट केली की माझ्या टिकीटाचं काय झालं. कमेंट गायब. दुसरी केली, ती पण गायब.

पोलिसांकडेही गेले होते, नाही असं नाही. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, लिहून घेतलं. म्हणाले, मॅडम, वळणावर कॅमेरा नाही, धडकेचा व्हिडिओ नाही, फोनवर बोलतानाचा आहे तो रांगेतला आहे, बघू. माझा मावसभाऊ कोर्टात वकिली करतो, त्याने सांगितलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ आहे, पोलिसांनी विचारलं तर गाडीच्या मालकाला ड्रायव्हर कोण होता, त्याचा पत्ता काय, लायसन कुठलं, हे सांगावंच लागतं, माहीत नाही म्हणून चालत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर फोन हातात धरून गाडी चालवणं हे कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यातच धरलंय. मी हे दोन्ही मेलमध्ये टाकलं. आणि कमाल बघा, कायद्याचे आकडे टाकल्यावर दोन दिवसात लेखी उत्तर आलं.

उत्तरात दोन वाक्यं आहेत, जशीच्या तशी नाही पण अर्थ हाच. पहिलं, की सदर वाहन कंपनीच्या मालकीचं नाही, ते अटॅच आहे, त्यामुळे कंपनीची जबाबदारी येत नाही. दुसरं, की संबंधित चालकाला कामावरून कमी केलेलं आहे.

मी हे चार वेळा वाचलं. गाडी तुमची नाही, ड्रायव्हर तुमचा नाही, तर मग कामावरून काढला कुणी?

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाने फिरणाऱ्या सगळ्या गाड्या तिच्या नसतात. काही स्वतःच्या, काही अटॅच, म्हणजे एखाद्या छोट्या मालकाच्या एक-दोन-पाच गाड्या कंपनीकडे लावलेल्या, आणि जास्तीचं काम आलं की मार्केटची गाडी, ब्रोकरकडून उचललेली. अटॅचवाल्याच्या गाडीवर रंग कंपनीचा, नाव कंपनीचं, फेरी कंपनी ठरवते, वेळ कंपनी ठरवते, जीपीएसवर कंपनी बघते. भाड्याचा काही भाग अ‍ॅडव्हान्स, बाकीचं पीओडी जमा झाल्यावर, कधी महिना, कधी दीड महिना. हप्ता, टायर, फास्टॅग, ड्रायव्हरचा पगार सगळं त्या छोट्या मालकाचं. धंद्यासाठी यात गैर काही नाही, आमच्या कारखान्यात पण अर्धं काम जॉबवर्कवर, म्हणजे बाहेर करून घ्यायला, जातं. पण आमच्या जॉबवर्करने पार्ट खराब दिला तर गिऱ्हाईकाला मी असं सांगू शकते का, की तो आमचा नव्हे? पार्टवर शिक्का आमचा असतो. इथं केबिनवर नाव चार फुटांचं आहे हो.

ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघितला तर मालकाच्या नावात चांदण्याच चांदण्या, चार अक्षरं दिसतात, बाकी झाकलेलं. म्हणजे सामान्य माणसाने मालक शोधायचा म्हणलं तरी पोलीस किंवा आरटीओशिवाय गत्यंतर नाही.

मी विषय सोडायच्या बेतात होते. खरंच. मार्च एंड तोंडावर, घरी दहा गोष्टी, मिस्टर पण म्हणाले जाऊ दे, आरसा तर बसला. तेवढ्यात एक दिवस रात्री सव्वादहाला अनोळखी नंबरवरून फोन.

"ताई, मी तो कंटेनरवाला."

माझ्या पोटात गोळाच आला. कंपनीने माझा नंबर ड्रायव्हरला दिला होता! तक्रार करणाऱ्या बाईचा मोबाईल नंबर, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, न विचारता. समोरचा माणूस तिरसट असता, प्यायलेला असता तर? हा तसा नव्हता, नशीब माझं. पण कंपनीने कुठे बघितलं होतं तो कसा आहे ते? त्याला सांगितलेलं की तूच फोन कर, माफी माग आणि तिच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घे की तक्रार मागे घेतली, मग बघू.

जामखेडकडचा होता, बोलण्यावरूनच कळत होतं. आधी मी तावातावाने बोलले, माझी आई होती गाडीत, पोरगी होती, तुला काही वाटतं का. तो सगळं ऐकून घेत होता, मधे मधे "हो ताई, चुकलंच ताई." मग मी विचारलं, फोनवर कुणाशी बोलत होतास एवढं, बायको का मैत्रीण? तर म्हणाला, "कंट्रोल रूम होती ताई. कुठं पोचला, कुठं पोचला म्हणून. दर तासाला लावत्यात."

मी गप्पच झाले. आधी विश्वासच बसेना, मग म्हणलं बसवायचा नाही म्हणून काही खोटं ठरत नाही.

त्याने सांगितलं ते असं. शनिवारी होसूरला माल भरायला दुपारी तीनची वेळ होती. गेटवर रांग, माल तयार नाही, भरून निघेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. चाकणला पोचायची वेळ मात्र तीच, रविवारी रात्री दहाच्या आत गेट लागलं पाहिजे, कारण तो माल कारखान्यात रात्रपाळीच्या प्रॉडक्शन लाईनला जाणार. सात तास गेटवर गेले ते कुणी मोजत नाही, ते ड्रायव्हरच्या आरामात धरतात. क्लीनर नाही, दुसरा ड्रायव्हर नाही. मी फोन चालू असतानाच कागदावर हिशोब मांडला, सवय जाते कुठे. होसूर ते चाकण नऊशे किलोमीटर धरा. भरलेला कंटेनर, घाट, टोल, शहरांची तोंडं, पंचेचाळीसची सरासरी म्हणजे चांगलीच म्हणायची. वीस तास नुसतं चाक फिरलं पाहिजे. हातात चोवीस. उरले चार, त्यात जेवण, डिझेल, आंघोळ, शी-शू आणि झोप. मला भेटला तेव्हा तो साडेएकोणीस तास स्टेअरिंगवर होता, हुबळीच्या पुढे कुठेतरी ढाब्यावर पाऊण तास आडवा झाला होता तेवढाच. उशीर झाला तर फेरीच्या पैशातून कापतात, ते मालक ड्रायव्हरच्या भत्त्यातून काढतो.

म्हणलं, मग फोन उचलायचा नाही ना. तो म्हणाला, "नाही उचलला की मालकाला लावत्यात, गाडी बंद हाय का म्हणून."

आता हे एकाच बाजूचं आहे, मला मान्य आहे. त्याने फोन उचलायला नको होता, वळणावर ओव्हरटेक मारायला तर मुळीच नको होता, आणि थांबायला पाहिजे होतं, माणूस मेलाय की जिवंत आहे ते बघायला तरी. हे मी त्याला सुनावलं पण. थांबलो असतो तर लोकांनी मारलं असतं, म्हणाला. ते खोटं आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी संप केला होता आठवतंय का, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, मी पण दीड तास उभी होते आणि मनातून शिव्या घालत होते. हिट अँड रनला दहा वर्षांची शिक्षा आणणाऱ्या नवीन कलमावरून होता तो. ते कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या १०६ चं दुसरं पोटकलम, बाकीचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला तेव्हा लागू केलंच नाही. दहा वर्षं द्या नाहीतर वीस द्या, ज्याने वीस तासांची फेरी चोवीस तासात बसवली तो यात कुठे सापडतो? त्याचं नाव ना एफआयआरमध्ये येतं ना बातमीत. बातमीत येतं "चालकाचा ताबा सुटला."

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नवले पुलाजवळ एका ट्रकने चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या होत्या, तेव्हा उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात यावर किती चर्चा झाली. ड्रायव्हर असा आणि ड्रायव्हर तसा. त्याला डिझेल मोजून कोण देतं, वाचलेलं कुणाच्या खिशात जातं, हे कुणी विचारलेलं मी तरी वाचलं नाही. कायदा काही नवा नाही हो, १९६१ च्या कायद्यातच होतं, मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ट्रकना ऐंशीचा स्पीड लिमिटर बसवायचा नियम आहे. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नवीन ट्रकना एसी केबिन सक्तीची केलीय, चांगलीच गोष्ट आहे, पण एसीत बसून माणूस वीस तास जागा राहतो का? उलट डुलकी लागेल. स्पीडला लिमिटर आहे, तासांना नाही.

त्या फोननंतर मी कंपनीला नवीन मेल केला आणि तीनच गोष्टी विचारल्या. त्या फेरीला किती तास दिले होते आणि ड्रायव्हर किती होते. १९ जानेवारीला साडेपाचच्या सुमारास तुमच्या कंट्रोल रूममधून त्या ड्रायव्हरला फोन गेला होता का, तुमच्याकडे कॉलचा रेकॉर्ड असणारच, बघा आणि खोटं असेल तर तसं सांगा, मी जाहीर माफी मागते. आणि माझा नंबर त्याला कुणी दिला. ड्रायव्हरला परत घ्या हे पण लिहिलं, कारण मी त्याला काढा असं कधीच म्हणलेलं नव्हतं. माझ्या नावावर एका माणसाची भाकरी कापून मला खूश करायचं, आणि त्याच फेरीवर तेवढ्याच तासात दुसरा पाठवायचा, यात माझ्या कंप्लेंटचं काय झालं?

उत्तर नाही. मग एक दिवस हाफ डे टाकून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरला त्यांच्या ब्रँचला गेले. मॅनेजर चांगले वागले, चहा मागवला. त्यांच्या डोक्यामागे पाटी होती, वेळेवर डिलिव्हरीचं कसलंतरी प्रशस्तिपत्रक, काचेत घालून. ते म्हणाले मॅडम, तुम्ही पण इंडस्ट्रीतल्याच आहात, तुम्हाला माहितीये, लाईन बंद पडली तर गिऱ्हाईक आमच्याकडून मिनिटाच्या हिशोबाने वसूल करतं, आम्ही तरी काय करणार. हे एक वाक्य मात्र त्या माणसाने मनापासून सांगितलं, तीन महिन्यातलं पहिलं खरं उत्तर म्हणायला हरकत नाही. पण ते लिहून द्या म्हणलं तर हसले.

आणि परत येताना पीएमटीत बसून मला आठवलं की डिसेंबरमध्ये मीच एका ट्रान्सपोर्टरच्या बिलातून उशीर झाला म्हणून अठराशे रुपये कापले होते. गाडी तीन तास लेट होती. का लेट होती विचारलं नव्हतं. सही माझी आहे, व्हाउचर नंबर सुद्धा पाठ आहे. आमच्या स्टोअरवाल्याने त्या ड्रायव्हरला गेटवरच झाडलं होतं, मी वरच्या खिडकीतून ऐकत होते, मला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या साहेबांना म्हणलं, लोडिंगला आपल्याकडे गाडी थांबली तर तेवढे तास डिलिव्हरीच्या वेळेत पुढे सरकवायचे असं पीओमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या कागदात, टाकू या. साहेब म्हणाले बघू. मी दर सोमवारी आठवण करते. आमची छोटी कंपनी आहे, बघू म्हणजे बहुतेक नाहीच, पण विचारायचं थांबवणार नाही.

२०२२ साली आपल्या राज्यात रस्त्यावर १५ हजारांवर माणसं गेली, सरकारी अहवालातला आकडा आहे. मी, आई आणि लेक त्या वर्षीच्या आकड्यात नव्हतो आणि या वर्षीच्या पण नाही, मधे एक आरसा आला म्हणून. आई आता माझ्या गाडीत बसत नाही. फेब्रुवारीत परत गेली ती स्वारगेटवरून एसटीने, म्हणते लाल डब्याला कुणी कट मारायची हिंमत करत नाही. जाताना साताऱ्याकडे घाट लागतो, बोगदा नाही, तरी हात जोडले असतील तिने.

संपादक साहेब, व्हिडिओ, सगळे मेल, टिकीट नंबर आणि कंपनीचं ते दोन वाक्यांचं उत्तर वेगळ्या पाकिटात पाठवतेय. कंपनीचं नाव मी पत्रात मुद्दाम टाकलेलं नाही, छापायचं का ते तुम्ही ठरवा, आणि खरं सांगायचं तर नाव छापून बाकीच्या कंपन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकावा असं मला वाटत नाही. तुमच्या बातमीदाराने त्यांना फोन करून ते तीन प्रश्न विचारले तर फार बरं होईल. मला उत्तर देत नाहीत, पेपरला देतील. ड्रायव्हरचा नंबर मात्र मी देणार नाही, आणि तो आता कुठे आहे तेही लिहित नाही. परवा मेसेज आला होता, दुसरीकडे लागलाय. फेरी कुठली ते मी विचारलं, नागपूर म्हणाला. किती तास दिलेत ते विचारायचं धाडस झालं नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
चिंचवड, एप्रिल २०२५

ता. क. पत्र टाकायच्या आधी आज सकाळी त्यांची साईट परत उघडून बघितली. तक्रारीच्या फॉर्ममधला बिल्टी नंबरचा रकाना अजून तसाच आहे, लाल फुलीसकट.